न मागितलेली काडी

उत्तरेकडे तोंड असलेल्या गॅलरीत वर्षाचा बराच काळ ऊन येत नाही. उजेड भरपूर असतो, पण तो समोरच्या घराच्या चुन्यावर आपटून किंवा नुसत्या आकाशातून उतरून आलेला असतो. मे अर्धा सरला की दुपारी साडेचारनंतर उन्हाची एक पट्टी तिरपी आत शिरते. आधी कठड्यावर, मग कुंड्यांवर, मग फरशीवर. पुढचा महिनाभर ती रोज येते. नंतर ढग येतात आणि ती आली काय, न आली काय, सारखेच होते.

काल ती पट्टी पुन्हा आली. इंदूरच्या या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत मनी प्लांटची एक कुंडी शिंक्यात टांगलेली आहे. तिच्यावर तळहात धरून पाहिला. पानांवर पाचही बोटे मोजता आली. कुंडी काढून आतल्या खिळ्याला लावली. या कामाला दोन मिनिटे लागतात. त्यानंतरचा अर्धा तास दर वर्षी वाया जातो, कारण हात तसाच उजेडात धरलेला राहतो.

हाताची ही पारख आईची. तिचा नियम असा होता: जिथे वेल टांगायची तिथे दुपारी तळहात धरायचा. खाली पडलेल्या सावलीत बोटे मोजता आली तर ऊन जास्त, पाने करपतील. सावलीच दिसली नाही तर अंधार, वेल लांबलचक काड्या सोडील आणि दोन पानांत वीतभर अंतर पडेल. हात आहे एवढे कळते, पण किती बोटांचा आहे हे कळत नाही, अशी पुसट सावली पडली की जागा बरोबर. घर भाड्याने घेताना तिने स्वयंपाकघर पाहिले नाही, मोरी पाहिली नाही. थेट गॅलरीत जाऊन हात धरला. घरमालक हळूच माझ्या वडिलांना, आप्पांना, म्हणाला, "भिया, बाईसाहेबांची तबियत ठीक आहे ना?"

"तबियत ठीक आहे," आप्पा म्हणाले. "घर पसंत पडलंय."

ते घर रामबागेत होते, पहिल्या मजल्यावर. गॅलरी लांब आणि अरुंद. उजव्या टोकाला एक भिंत होती. तिच्यापलीकडे तशीच दुसरी गॅलरी, ती कुसुममावशींची. मावशींचे यजमान कापड गिरणीत टाइमकीपर होते. त्यांचा भोंगा वर्षभर एकाच जागी वाजत असल्याने ते कुटुंब कुठे जात-येत नसे. आमचे जात-येत असे.

त्या काळी मध्यभारत नावाचे राज्य होते आणि त्याला दोन राजधान्या होत्या. हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. दसरा झाला की सचिवालयातल्या फायली लाल बस्त्यांत बांधल्या जात, बस्ते लोखंडी पेट्यांत, पेट्या गाडीत. पेट्यांमागून कारकून जात, कारकुनांमागून त्यांच्या बायका आणि पाटे-वरवंटे. उन्हे तापू लागली की हेच सगळे उलट्या दिशेने इंदूरला येई. आप्पा त्या सचिवालयात कारकून होते. फायलींच्या प्रवासाची यादी त्यांच्याकडे असे आणि तिच्यात चूक नसे. घरच्या सामानाची यादीही ते त्याच नमुन्यात करीत. तिच्या शेवटी एक ओळ असे: 'वेली: नेण्यास अयोग्य.'

आई ती ओळ वाचून दर वर्षी म्हणे, "तुमच्या सचिवालयापेक्षा माझ्या वेली शहाण्या. एकदा जागा धरली की सोडत नाहीत."

"त्यांना प्रवासभत्ता मिळत नाही," आप्पा म्हणत. "म्हणून."

वेली चार होत्या. एक पानवेल, ती तेलाच्या रिकाम्या डब्यात लावलेली आणि सुतळीने जाळीवर चढवलेली. तिची पाने आई आणि कुसुममावशी दुपारी विड्याला खुडत. दुसरी शतावरी, तिचे मऊ हिरवे तुरे कुंडीबाहेर झुकून हवेत हलत राहत. तिसरी जांभळी. तिच्या पानावर दोन रुपेरी पट्टे आणि पालथ्या बाजूला वांग्याचा रंग. उजेड कमी पडला की तो रंग फिका होई आणि आई लगेच जागा बदली. चौथी महूची. महूच्या छावणीतला कोणी साहेब बंगला सोडून विलायतेला गेला तेव्हा त्याच्या माळ्याने बाहेर काढून ठेवलेली ती वेल आईने मागून आणली होती. पान बदामाच्या आकाराचे, हिरव्यावर पिवळे शिंतोडे. आज हिला घरोघर मनी प्लांट म्हणतात. आमच्याकडे ती शेवटपर्यंत 'महूची' होती.

सहा महिने या वेलींचे काय करायचे, हा प्रश्न मी नोकरीला लागल्यावर सुटला असे घरात मानले जाई. मी एका दैनिकात उपसंपादक झालो होतो. दैनिकाला हिवाळी राजधानी नव्हती, त्यामुळे आप्पा-आई ग्वाल्हेरला गेले की मी इंदूरच्या घरात एकटा राही. जाताना आई सूचना देई.

"रोज पाणी घालू नकोस. मातीत बोट खुपस. पहिल्या पेरापर्यंत कोरडं लागलं तर घाल."

"आणि ओलं लागलं तर?"

"तर हात धुऊन कामाला जा."

सूचना साधी होती. ती पाळली गेली नाही. आठवण झाली तेव्हा तांब्याभर पाणी, नाही झाली तेव्हा पंधरा दिवस काहीच नाही. मार्गशीर्षात मालव्यातली थंडी पडे. त्या दिवसांत माती वाळत नाही, हे माहीत असूनही आईचे पत्र आले की अपराधी वाटून दोन तांबे घातले जात. फाल्गुनापर्यंत एखादी कुंडी कुजलेली असे, एखादी सुकलेली. 'वेली ठीक' असे पोस्टकार्डावर कळवले जाई. बातमीत जे कधी चालले नसते ते घरच्या पत्रात चालून गेले.

आश्चर्य असे की आई परतली की आठ-दहा दिवसांत सगळ्या कुंड्या पुन्हा भरलेल्या असत. जिथे काळी पडलेली देठे होती तिथे दोन हात लांब, तजेलदार वेल लोंबत असे. ती कुठून आली हे मी विचारले नाही. मी संध्याकाळच्या पाळीला जाई, सकाळी उशिरा उठे, आणि आईच्या हाताला गुण आहे असे समजून चाले. ज्याचा पगार प्रश्न विचारण्यासाठी मिळत होता त्याला घरात एवढा एक प्रश्न तीन वर्षे सुचला नाही.

*

मध्यभारताच्या शेवटच्या हिवाळ्यात, संक्रांतीच्या आधी, ग्वाल्हेरहून तार आली. आईला पक्षाघाताचा झटका आला होता. उजवे अंग गेले होते आणि वाचा गेली होती. रजा काढून गेलो, चार दिवस राहिलो, परत आलो. त्या चार दिवसांत ती बहुतेक झोपूनच होती. एप्रिलमध्ये फायलींबरोबर तिलाही इंदूरला आणले. स्टेशनावर आप्पांच्या हातात यादी होती. परतीच्या यादीत वेलींची ओळ नसेच; या वेळी आईचीही नव्हती, कारण तो कागद त्यांनी सामानापुरताच केला होता.

गॅलरीतल्या चारपैकी तीन कुंड्या त्या हिवाळ्यात मेल्या होत्या. शतावरीचे गवत झाले होते, जांभळी बुडापासून टकली, महूची कुजून चिखलात बसलेली. पानवेल तेवढी अर्धी जिवंत होती. आई यायच्या आदल्या दिवशी मी मेलेल्या कुंड्या जिन्याखाली नेऊन ठेवल्या. तिला त्या दिसू नयेत, असा विचार होता. तिला दिसले ते तीन रिकामे खिळे.

डॉक्टरांनी खाट गॅलरीत ठेवायला सांगितली. उजेड हवा, वारा हवा, ऊन नको. म्हणजे वेलींना जे लागे तेच. आप्पांनी जागा ठरवायला हात धरून पाहिला. तो असा धरताना त्यांना कोणी आधी पाहिले नव्हते.

"किती समजतं त्यांना?" आप्पांनी डॉक्टरांना विचारले.

"सांगता येत नाही. आणि मान हलवली तर त्याचा अर्थ लावू नका. या दुखण्यात हो म्हणायचं असतं आणि मान नाही म्हणते. उलटंही होतं."

"मग आम्ही समजायचं कसं?"

डॉक्टर बॅग बंद करत म्हणाले, "अंदाजाने, आप्पासाहेब. हम भी वही करते हैं."

दुपारी चारच्या सुमारास आईची एक खूण सुरू होई. आई डावा हात उचली. पहिले आणि मधले बोट सुटी करी, उघडी, मिटी, पुन्हा उघडी. दोनदा, तीनदा. मग तोच हात गॅलरीच्या उजव्या टोकाच्या भिंतीकडे करी. हात खाली येई. थोड्या वेळाने पुन्हा तेच. डोळे माझ्यावर असत. तिला काही तरी हवे होते, आणि ते काय हे आम्हाला कळावे एवढेच तिच्या हातात उरले होते.

माझ्या सवयीने मी वही केली. तारीख, वेळ, काय करून पाहिले, परिणाम. ती वही अजून आहे. पाणी: नाही. उशी: नाही. भांडे: नाही. चष्मा: नाही. पानवेलीचा डबा जवळ आणला: तिने बराच वेळ पाहिले, मग खूण पुन्हा केली. म्हणून: नाही. खाटेवर ऊन येते का, हात धरून पाहिले, सावली पुसट: नाही. नखे वाढली आहेत का. वाढली होती, कापली. कापत असताना तिने हात काढून घेतला आणि त्याच हाताने पुन्हा भिंत दाखवली. नाही.

आप्पांचे मत वेगळे होते. "दोन बोटं अशी कधी धरतो माणूस? पेन धरताना. तिला लिहायचंय." त्यांनी तिच्या डाव्या हातात पेन दिले, खाली फळी धरली, फळीवर कोरा ताव. ती कधी डाव्या हाताने लिहीत नव्हती. तावावर एक रेघ उमटली आणि कडेवरून खाली गेली. आप्पांनी तो कागद घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी नवा ताव. असे त्यांनी ज्येष्ठ अर्धा होईपर्यंत केले. सगळे ताव एका लाल बस्त्यात बांधले गेले. त्यावर चिठी नव्हती.

कुसुममावशी रोज सकाळी आईला न्हाऊ-माखू घालायला येत, आणि बुधवारी खजरान्याच्या गणपतीचा अंगारा आणीत. एकदा दुपारी आल्या असताना त्यांनीही ती खूण पाहिली.

"अगो बाई, हे तर बिलकुल सोपं आहे," त्या म्हणाल्या. "पान मागून राहिली ती. बघ ना, विडा कसा धरतात, दोन बोटांत. आणि माझ्या घराकडे हात करते. दुपारी रोज आम्ही दोघी खात होतो की नाही? तुम्ही पुरुष लोक, तुम्हाला काय मालूम."

त्यांनी पान कुटून, मऊ लगदा करून, बोटाने तिच्या ओठाला लावले. आईने ते घेतले. लाळ पुसून झाली. मग तिने पुन्हा दोन बोटे उघडली, मिटली.

"अजून हवंय वाटतं," मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज मघासारखा राहिला नव्हता.

आता माझे मत. उजव्या भिंतीला लागून माझे टेबल होते. दुपारी मी तिथे बसून बाहेरगावच्या वर्तमानपत्रांची कात्रणे कापी. कात्री मोठी होती, तिचा आवाज गॅलरीभर होई. आई पूर्वी तिला 'तुझं हत्यार' म्हणे. दोन बोटे उघडतात, मिटतात, मग टेबलाकडे हात. तिला कात्रणे हवी आहेत, बातम्या ऐकायच्या आहेत, असे एका दुपारी लक्षात आले आणि इतके दिवस न लक्षात आल्याची लाज वाटली. त्या दिवशी राज्यांच्या पुनर्रचनेची बातमी पहिल्या पानावर होती. मध्यभारत जाणार, नवे राज्य होणार, राजधानी भोपाळ. ती मी खाटेशी बसून सावकाश वाचली. आईने ऐकता ऐकता डोळे मिटले. हात पोटावर आला. बोटे थांबली.

वहीत त्या दिवशीच्या नोंदीपुढे 'होय' असे लिहिले आहे. शाई गडद आहे, दोनदा गिरवल्यासारखी.

त्यानंतर रोज चार वाजता वाचन होई. आप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "बातम्या ऐकते. सगळं समजतं तिला." मी कचेरीतही सांगितले. आमचे संपादक हिंदीभाषक होते. ते म्हणाले, "अच्छा है. और कुछ माँगती तो नहीं? चिट्ठी नहीं आई, मतलब पाठक खुश है." कचेरीतला तो जुना ठोकताळा होता आणि त्यावर आम्ही सगळे विसंबत असू. खूण हळूहळू कमी झाली. आषाढात दिवसातून एकदा. श्रावणात क्वचित. मागणी पुरी झाली की मागणे थांबते, असा निष्कर्ष काढला गेला. मागणे थांबण्याची दुसरी कारणे असतात. तशी कारणे मी रोज संध्याकाळी मथळे देऊन छापायला पाठवत होतो.

भाद्रपदात दुसरा झटका आला. तो सौम्य होता असे डॉक्टर म्हणाले. त्यानंतर डावा हातही आपणहून उठला नाही.

*

त्या उन्हाळ्यातले बाकी तपशील आठवणीत कसे राहिले आहेत हे सांगता येत नाही. पानवेलीच्या डब्यावरचा गंज. खाटेच्या सुंभाचा वास. साडेचारला उन्हाची पट्टी येई तेव्हा आप्पा कचेरीतून आलेले नसत, म्हणून खाट मी ओढी. फरशीवर पायांचे चार चरे पडले होते आणि रोज त्याच चऱ्यांतून खाट मागे-पुढे होई. रिकाम्या खिळ्यांच्या तीन सावल्या भिंतीवर लांब होत जात. त्या मात्र पुसट नव्हत्या. गिरणीचा भोंगा झाला की पलीकडच्या गॅलरीत मावशींच्या बांगड्या वाजत आणि पाणी शिंपडल्याचा आवाज येई. त्या कशाला पाणी घालत आहेत, हेही कधी मनात आले नाही. आईचे डोळे त्या आवाजाकडे वळत. वहीत त्याची नोंद आहे: 'आवाजाकडे लक्ष जाते. ऐकू येते असे दिसते.' निरीक्षण बरोबर होते.

दसऱ्यानंतर भोपाळचे हुकूम आले. या वेळी परतीची तारीख नव्हती. आप्पा पेट्या भरत होते. तीन दिवसांनी निघायचे होते, आईला घेऊन. दुपारी कुसुममावशी आल्या. त्यांच्या हातात कंपाउंडरच्या औषधाच्या दोन रिकाम्या बाटल्या होत्या, तपकिरी काचेच्या, बाजूला डोसाची कातरलेली कागदी पट्टी अजून चिकटलेली.

"वसंता, यंदा काड्यांचं कसं करायचं रे?"

"कसल्या काड्या?"

"अरे, वेलींच्या. दर साली जाताना तुझी आई देऊन जाते ना. पेराखाली कापते, बाटलीत घालते, शतावरीचा मुळासकट फुटवा काढते, मला देते. मुळं फुटली की मी कुंडीत लावते. वापस आली की मागून नेते. तू तर सगळ्या मारून टाकतोस हिवाळ्यात, असं तीच म्हणायची. हसायची." त्या थांबल्या. "तुला मालूमच नाही?"

"गेल्या वर्षीच्या काड्या?"

"आहेत की. गच्च झाल्यात. गॅलरीतल्या मोरीच्या कठड्यावरून लोंबून राहिल्या."

"मग एप्रिलमध्ये दिल्या का नाहीत, मावशी?"

"मागितल्या कुठे कोणी?" त्यांना माझा प्रश्नच कळला नव्हता. "न मागता दिलेली काडी लागत नाही. देतच नाहीत अशी. तुझी आई स्वतः यायची, दारात उभी राहायची, 'कुसुम, माझ्या वेली दे' म्हणायची, मग मी द्यायची. या वेळी म्हटलं, ताई बिमार, आज ना उद्या तू येशील, नाहीतर आप्पासाहेब येतील. कोणी आलंच नाही. मी आपलं पाणी घालत राहिले."

मी दोन बोटे कात्रीसारखी उघडली, मिटली, आणि उजव्या भिंतीकडे हात केला. मावशी त्या बोटांकडे पाहत राहिल्या, मग भिंतीकडे. त्या भिंतीची ही बाजू त्यांना रोज दिसत होती. पलीकडच्या बाजूला त्यांची मोरी होती, मोरीच्या कठड्यावर आमच्या वेली.

"अरे देवा," त्या म्हणाल्या. "आणि मी पान कुटून देत बसले."

बाटल्या त्यांनी जमिनीवर ठेवल्या. मग त्या उठल्या, पण निघाल्या नाहीत. दाराशी जाऊन माझ्याकडे पाहत थांबल्या. त्या कशासाठी थांबल्या आहेत हे कळायला मला थोडा वेळ लागला.

"मावशी," मी म्हणालो, "आमच्या वेली द्या."

त्या गेल्या आणि दोन खेपांत तीन कुंड्या घेऊन आल्या. महूची तीन हात लांब झाली होती, पिवळे शिंतोडे ठसठशीत. जांभळीच्या पानांची पालथी बाजू खरोखर वांग्यासारखी होती. शतावरी दारातून आत येताना चौकटीला घासली आणि तिचे तुरे फरशीवर सांडले. मी तिन्ही कुंड्या शिंक्यांत घालून रिकाम्या खिळ्यांना लावल्या. आईचा नियम आठवून हात धरून पाहिला. सावली पुसट होती. जागा बरोबर होती.

आईची उशी उंच केली. तिचा डावा हात उचलून महूच्या वेलीच्या पानांना लावला. बोटे मिटली नाहीत. हात सोडला तेव्हा तो सावकाश खाली आला. डोळे उघडे होते. ते वेलींकडे होते की भिंतीकडे, हे मला सांगता येणार नाही. आप्पा पेटीवर बसून पाहत होते.

"ताई, बघ गं," मावशी म्हणत होत्या. "आल्या सगळ्या. वसंता मागायला आला. त्याने मागितल्या."

आप्पा म्हणाले, "तिला पेन हवं होतं." मग काही वेळाने, कोणी काही बोलले नसताना, पुन्हा म्हणाले, "पेनच."

तिसऱ्या दिवशी ते निघाले. निघण्याआधी मी कात्री घेतली. कात्रणांचीच, दुसरी घरात नव्हती. मावशींनी दाखवले तिथे, पेराच्या बोटभर खाली, काड्या कापल्या आणि दोन बाटल्यांत घातल्या. आईची खाट तेव्हा दाराशी आणलेली होती, चौघे जण उचलायला उभे होते. कात्रीचा आवाज तिच्यापर्यंत जात होता. मी मान वर करून पाहिले नाही. हे मात्र मला नक्की सांगता येते.

भोपाळला असतानाच आई त्या हिवाळ्यात वारली. पत्रात आप्पांनी दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यांच्या नेहमीच्या अक्षरात, चूक नसलेल्या. तिसरी ओळ सुरू करून खोडली होती. खोडलेले वाचता आले नाही. तावांचा तो लाल बस्ता शेवटपर्यंत त्यांच्याबरोबर बदलीच्या प्रत्येक घरात गेला.

*

आता या सगळ्याची छाननी. आईला वेलीच हव्या होत्या, याला पुरावा एकच: खूण आणि भिंत. त्याच खुणेने आणि त्याच भिंतीने पान सिद्ध होते, कात्रणेही सिद्ध होतात. पेनाला भिंत जुळत नाही, पण आप्पांसमोर हा मुद्दा काढायचे धैर्य मला कधी झाले नाही. कोणाही उपसंपादकाने ही बातमी थांबवून ठेवली असती. ती थांबलेलीच आहे. ज्यांना विचारायचे त्यांपैकी एक बोलू शकत नव्हती. उरलेले जे बोलू शकत होते त्यांना काय विचारावे हे मला सुचले नाही. कधी वाटते की वेलींचे काही नसावे. मला नुसते शेजारी पाठवायचे असावे, मावशींना बोलाव एवढेच म्हणायचे असावे. कधी वाटते की बोटे नुसतीच हलत होती, अर्थ आम्ही घालत होतो, तीन जण आपापल्या धंद्याप्रमाणे. वही पुन्हा वाचून पाहिली. तिच्यात नोंदी अचूक आहेत.

रामबागेतले घर नंतर सुटले. मी जाताना मावशींनी त्या काड्यांची एक कुंडी दिली, अर्थात मी मागितल्यावर. तिच्यातली जांभळी आणि शतावरी पुढे गेल्या, माझ्याच हातून. महूची उरली. काल आत घेतली ती तीच, किंवा तिच्या काडीच्या काडीची काडी. वेलीच्या बाबतीत हा फरक कसा करतात हे मला माहीत नाही.

दर वर्षी ही पट्टी येऊन गेली की मी औषधाच्या बाटल्या धुऊन ठेवतो. तपकिरी काचेच्या आता कमी मिळतात, पण त्यांत पाणी हिरवे पडत नाही आणि मुळे लवकर धरतात. पेराखाली कापून काड्या त्यांत घालतो आणि या इमारतीतल्या दारांपुढे एकेक ठेवून येतो. बेल वाजवत नाही. पहिल्या वर्षी खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या. "अंकलजी, ही बाटली तुमची का? आम्ही तर मागितली नव्हती."

"हो, मागितली नव्हती," मी म्हणालो. "उजेडात ठेवा. ऊन नको. हात धरून बघा."

त्यांनी हात पुढे केला तसा मी तो धरून उजेडात कसा न्यायचा ते दाखवले. त्यांना ते चमत्कारिक वाटले असावे. पण येता-जाता दिसते, त्यांच्या ग्रिलमधून वेल आता रस्त्यापर्यंत लोंबते आहे. शेजारच्यांचीही. समोरच्या जिन्यावर एक आहे.

वर्तमानपत्रात चूक झाली की दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर, लहान टायपात दुरुस्ती देतात. ही तशी समजावी. न मागता दिलेली काडी लागत नाही असे कुसुममावशी म्हणत, ते बरोबर नव्हते. ती लागते. हे त्यांना कळवायला हवे होते. रामबागेत जाऊन पाहिले. भिंत आहे, पलीकडे कोणी राहत नाही.